१५,००० डॉलर घ्या, पण त्यातलं शेर्पांच्या वाट्याला किती ते सांगा : नेपाळच्या पर्यटन विभागाला खुलं पत्र

प्रति,
पर्यटन विभाग, नेपाळ सरकार, काठमांडू
आणि तिथून एव्हरेस्टला जाऊन आलेल्या, जाऊ बघणाऱ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या गिर्यारोहक मंडळींना

सप्रेम नमस्कार.

एव्हरेस्ट चढायच्या परमिटची सरकारी फी, म्हणजे रॉयल्टी, तुम्ही वाढवून १५,००० डॉलर केलीत, त्याबद्दल हे पत्र आहे. इंग्रजीतला मेल वेगळा पाठवलाय. हे मराठीत लिहितेय कारण एक तर आपली लिपी एकच आहे, तुमच्या ऑफिसात कुणी वाचायला घेतलंच तर निम्मं-अर्धं तरी लागेल. आणि दुसरं म्हणजे हे आमच्या इकडच्या लोकांनी वाचायला हवंय. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये नाशिक, पुणे, मुंबई, कोल्हापूर असं कुठून ना कुठून कोणीतरी खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खोऱ्यात, असतंच, परत आल्यावर ढोल-ताशे, मिरवणूक, शाल-श्रीफळ सगळं होतं, पण परमिट, रॉयल्टी, शेर्पांचा विमा या विषयावर कोणी तोंड उघडत नाही. मीही इतके दिवस उघडलं नव्हतं.

आधी मी कोण ते सांगते. नाशिकला एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वय ३८. कॉलेजात असताना अंजनेरी, मग कळसूबाई, मग अलंग-मदन-कुलंग, इथल्या पोरापोरींचा नेहमीचाच रस्ता. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केले, दोन्ही वेळेला बिनपगारी रजा टाकून. २०१८ ला क्लबबरोबर गढवालमधलं सतोपंथ झालं, ७,०७५ मीटर. २०२२ च्या सप्टेंबरात तुमच्याकडे मनास्लूला आले होते, ८,१६३ मीटर, माझं पहिलं आठ हजारी. समिट झालं नाही. ज्यांनी तो सीझन बघितलाय त्यांना सांगायला नको, बर्फ थांबायलाच तयार नव्हता, २६ सप्टेंबरला तिसऱ्या आणि चौथ्या कॅम्पच्या मधे अ‍ॅव्हलाँच आली, कितीतरी जण सापडले, एक नेपाळी माणूस गेला. आम्ही तेव्हा बेस कॅम्पला होतो, किचन टेंटमधल्या वॉकीटॉकीवर जे काही ऐकलं ते अजून कानात आहे. दोन दिवसांनी आमच्या टीमने परत फिरायचं ठरवलं आणि ते बरोबरच ठरवलं.

त्या मोहिमेत माझ्याबरोबर जे शेर्पा होते त्यांना मी दाजू म्हणते. तिकडे मोठ्या भावाला सगळे दाइ म्हणतात, पण मराठीत दाई म्हटलं की वेगळाच अर्थ होतो म्हणून मी दाजू म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं. मकालू शिखराच्या बाजूच्या एका गावातले. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको सांगितलंय. दाजूंची एक सवय होती, डोंगरावर आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, म्हणजे फिक्स रोपवर, दोर जिथे पक्का केलेला असतो त्या प्रत्येक अँकरपाशी मी कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) बदलला की ते मागून यायचे आणि माझ्या कॅराबिनरचा लॉक स्वतःच्या बोटाने फिरवून बघायचे. प्रत्येक वेळी. मला लॉक लावता येतो हे त्यांना माहीत होतं, मी बारा वर्षं तेच करतेय, तरी प्रत्येक वेळी. पहिल्या दिवशी मला थोडा राग आला होता, तिसऱ्या दिवशी ते बोट दिसलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

गेल्या डिसेंबरात मी काठमांडूला गेले होते, माझ्या एव्हरेस्टच्या कोटेशनसाठी एजन्सीवाल्यांना भेटायला, तेव्हा दाजूंकडे गेले. बौद्धनाथ स्तूपाच्या मागच्या गल्लीत भाड्याची एक खोली. २०२४ च्या सीझनला ते दुसऱ्या एका एजन्सीकडून दुसऱ्या डोंगरावर गेले होते, एका क्लायंटला खाली आणताना एक रात्र वरती उघड्यावर काढावी लागली. उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापासून गेलीत. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरतात. जॅकेटची चेन त्यांची मुलगी लावून देते, ती पाचवीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद काढून माझ्यासमोर ठेवले, विम्याचा कागद, हॉस्पिटलची बिलं, एजन्सीचं पत्र. मी लॅबमधली बाई, कागद वाचायची सवय आहे, तासभर वाचत बसले. मृत्यू झाला तर काय मिळणार ते स्पष्ट लिहिलेलं होतं. बोटं गेली तर काय मिळणार, त्याचा नियम होता पण आकडा इतका लहान की हॉस्पिटलचं बिलही निघालं नसतं, आणि तोही दीड वर्षात हातात आला नव्हता. ती एजन्सी कोणती, विमा कंपनी कोणती ते इथे काढत नाही, ती भांडणं वेगळ्या जागी चालू आहेत. पण त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हाच ठरवलं की परमिटचे पैसे भरायच्या आधी मला काही गोष्टी विचारायच्यात.

तर आता मुद्द्यावर येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून तुम्ही एव्हरेस्टची रॉयल्टी वाढवली. वसंतातल्या नेहमीच्या मार्गाची ११,००० डॉलरवरून १५,०००, शरदातली ७,५००, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ३,७५०. परमिटची मुदत ७५ दिवसांवरून ५५ वर आणली. बाकीच्या आठ हजारी शिखरांची वसंतातली फी १,८०० वरून ३,०००. त्याच नियमावलीत वरच्या कॅम्पांवर काम करणाऱ्या गाइड, सरदार (शेर्पांचा म्होरक्या) वगैरे लोकांचा विमा १५ लाखांवरून २० लाख नेपाळी रुपये केला आणि बेस कॅम्पवर काम करणाऱ्यांचा १५ लाख.

आता हा हिशोब जरा माझ्याबरोबर करा. तुमचा आणि आमचा रुपया एकाला एक पूर्णांक सहा असा बांधलेला आहे, म्हणजे २० लाख नेपाळी रुपये म्हणजे आमचे साडेबारा लाख. आणि १५,००० डॉलर म्हणजे आमचे तेरा लाखांच्या वर. म्हणजे नाशिकच्या एका बाईला डोंगरावर पाय ठेवायची परवानगी द्यायला सरकार जेवढे पैसे घेतं, तेवढेसुद्धा त्या डोंगरावर तिला नेणाऱ्या माणसाच्या जिवाचे ठरलेले नाहीत. मी हे तीनदा कॅल्क्युलेटरवर मांडून बघितलं. क्लबमधल्या दोघांना दाखवलं. बरोबर आहे.

बरं हे २० लाखही नवीन नाहीत. १८ एप्रिल २०१४ ला खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या फुटक्या बर्फाच्या उतारावर, १६ नेपाळी कामगार गेले. तेव्हा सरकारने घरच्यांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले आणि बेस कॅम्पवर शेर्पा लोक पेटून उठले, सीझन बंद पडला. त्यांनी तेव्हा ज्या मागण्या केल्या होत्या त्यातल्या दोन मला तोंडपाठ आहेत. एक, विमा वाढवून २० लाख करा. दोन, रॉयल्टीतला ३० टक्के पैसा अपघातात सापडलेल्यांच्या मदतनिधीसाठी बाजूला काढा. विमा तेव्हा १५ लाख केलात आणि २० लाख व्हायला ११ वर्षं लागली. तोपर्यंत तुमचा रुपया किती घसरला बघा, २०१४ ला २० लाख म्हणजे जवळपास २१ हजार डॉलर होते, आज ते १४ हजारांच्या आसपास येतात. रॉयल्टी डॉलरमधे, विमा रुपयात. दोन्ही आकडे एकाच नियमावलीत आहेत, मग रॉयल्टीचा आकडा घसरणीपासून सांभाळला जातो आणि विम्याचा का नाही?

दुसरी गोष्ट, हे पैसे नक्की कशाचे आहेत. इकडच्या लोकांचा समज असा की १५,००० डॉलर भरले की सगळं सरकार बघतं. तसं नाहीये, हे आमच्या वाचकांसाठी सांगते. आइसफॉलमधे शिड्या आणि दोर लावणारे जे आइसफॉल डॉक्टर आहेत ते सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीचे, त्यांचे पैसे मोहिमा वेगळे भरतात. दुसऱ्या कॅम्पच्या वर समिटपर्यंत दोर लावायचं काम एजन्सीवाल्यांची संघटना करते, त्याचे पैसे वेगळे. लिएझन ऑफिसरचा खर्च वेगळा, कचऱ्याचं डिपॉझिट वेगळं, नॅशनल पार्कची एंट्री वेगळी, गावपालिकेची फी वेगळी. वर अडकलात तर हेलिकॉप्टर तुमच्या स्वतःच्या विम्यावर. मग रॉयल्टी कशाची? डोंगर तुमचा आहे, तुमच्या देशाची ती कमाई आहे, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. कायद्याप्रमाणे त्यातला निम्मा केंद्राकडे, पाव प्रांताकडे, पाव स्थानिक पालिकांकडे जातो. पण त्यात डोंगरावर काम करणाऱ्या माणसाच्या नावाने ठरलेला, लिहून ठेवलेला असा एकही हिस्सा नाही. २०१४ ची ती ३० टक्क्यांची मागणी अजून तिथेच पडून आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तुमच्याच तरुण पोरांनी रस्त्यावर येऊन सरकारी पैशाचा हिशोब मागितला, त्यात कितीतरी जणांचा जीव गेला. मी परदेशी बाई आहे, तुमच्या राजकारणात मला पडायचं नाही, पण मी फी भरणारी आहे, एवढा हिशोब विचारायचा हक्क मला आहे असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट लिएझन ऑफिसरची. नियम असा की प्रत्येक टीमबरोबर सरकारचा एक माणूस बेस कॅम्पला राहायला हवा, आणि त्याचा भत्ता, कपडे, सगळा खर्च टीमने द्यायचा. हे ऑफिसर कितीतरी मोहिमांत बेस कॅम्पपर्यंत पोचतच नाहीत, हे तुमच्याच पेपरांत वर्षानुवर्षं छापून येतंय. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. पण या ढिलाईचा एक चटका आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना बसलाय तो सांगायलाच हवा. २०१६ ला पुणे पोलिसांतल्या एका जोडप्याने एव्हरेस्ट केल्याचे फोटो दिले, तुमच्या विभागाने सर्टिफिकेट दिलं, इकडे पत्रकार परिषद झाली, अभिनंदन झालं. फोटो दुसऱ्याचे होते, त्यावर स्वतःला चिकटवलेलं होतं. ते कळलं दुसऱ्या गिर्यारोहकांच्या तक्रारीमुळे, मग सर्टिफिकेट रद्द झालं आणि १० वर्षांची बंदी आली. बंदी योग्यच होती, चूक आमच्या माणसांची होती. पण त्यानंतर किती वर्षं आम्ही कुठल्याही शाळेत बोलायला गेलो की पहिला प्रश्न तोच, की ताई तुमचे फोटो खरे ना. बेस कॅम्पवर ज्याने उभं राहून बघायचं तो माणूस तिथे असता आणि शेर्पांचा जबाब नीट घेतला असता तर ते सर्टिफिकेट निघालंच नसतं.

आता सात हजारीची अट. एप्रिल २०२५ मधे तुमच्या राष्ट्रिय सभेत जे पर्यटनाचं विधेयक आलं त्यात असं आहे की एव्हरेस्टचं परमिट हवं असेल तर आधी नेपाळमधलं एक तरी सात हजारी शिखर केलेलं पाहिजे. अनुभवाची अट हवीच, मी तर म्हणते फार उशीर झालाय. क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) कसे बांधायचे हे बेस कॅम्पला शिकणारी माणसं मी मनास्लूला माझ्या डोळ्यांनी बघितलीत, आणि असा एक माणूस वर गेला की त्याच्यामागे दोन शेर्पांचा जीव टांगणीला लागतो. पण "नेपाळमधलंच" हा शब्द कशासाठी? आमच्याकडे नून ७,१३५ मीटर, कून ७,०७७, त्रिशूल ७,१२०, कामेत ७,७५६. माझ्या सतोपंथचा तो रिज, म्हणजे डोंगराची अरुंद धार, ज्यांनी पार केलाय त्यांना विचारा, दोन्ही बाजूला काहीच नाही, पाऊल ठेवायला जेमतेम एका बुटाची जागा, मी तिथे शंभरेक मीटर अक्षरशः घोड्यावर बसल्यासारखी सरकत गेले होते. ते केलेल्या माणसाला तुम्ही म्हणणार की आमच्याकडे येऊन अजून एक सात हजारी कर, त्याची फी भर, त्याचा एजन्सीचा खर्च भर, दीड महिन्याची रजा काढ. अनुभव मोजायचाय की अजून एक परमिट विकायचंय, असा प्रश्न पडतो आणि मला तो तुमच्याबद्दल पडू नये अशी माझी इच्छा आहे. सात हजार मीटरला हवा काराकोरममधेही तेवढीच विरळ असते आणि गढवालमधेही.

परमिट किती द्यायचे हा तर सगळ्यात जुना दुखरा विषय. २२ मे २०१९ चा तो फोटो जगाने बघितला, समिटच्या रिजवर रांग. त्या वर्षी तुमच्या बाजूने ३८१ परमिट दिले होते, त्या सीझनला ११ जण गेले, त्यात आमच्या महाराष्ट्रातलेही दोघं होते. ती बातमी आली त्या रात्री आमच्या क्लबच्या ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, नुसते सगळे ऑनलाइन दिसत होते. २०२३ ला परमिट पावणेपाचशेच्या वर गेले आणि गेलेल्या, बेपत्ता झालेल्या लोकांचा आकडा १७-१८. गर्दी हे एकच कारण नव्हतं, हवा होती, अनुभव नसणं होतं, पण गर्दी होतीच. २०२४ मधे तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगराची क्षमता बघून परमिटला मर्यादा घाला. ती मर्यादा किती, हा आकडा कुठे आहे? फी वाढवल्याने गर्दी कमी होईल असं काही जण म्हणतात. नाही होणार. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला चार हजार डॉलरने काही फरक पडत नाही, तो येणारच, अनुभव असो नसो. फरक पडतो तो आमच्यासारख्यांना.

इथे जरा माझं स्वतःचं सांगते, रडगाणं म्हणून नाही, पण हा पैसा कसा जमतो ते ऑफिसात बसून दिसत नाही. आपल्याकडे एव्हरेस्टचा एकूण खर्च आता तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. माझा पगार महिना बत्तीस हजार. सहा वर्षं आर.डी. चालू आहे. आईने तिच्या पाटल्या मोडल्या, मला न सांगता, सराफाची पावती कपाटात सापडली तेव्हा कळलं. शाळा-कॉलेजात स्लाइड शो केले की पाचशे, हजार रुपयांचं पाकीट मिळतं, ते सगळं एका डब्यात. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाने एका वर्षी डेकोरेशन कमी करून ११,००० दिले. क्लबच्या मुलांनी पाचशे-पाचशे काढले, त्यात एक रिक्षावाला आहे, त्याने दोनदा दिले. २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमीची टीम लोकांच्या देणग्यांवरच एव्हरेस्टला गेली होती आणि आठ जणांनी समिट केलं, आमच्या पिढीच्या डोक्यात एव्हरेस्ट शिरलं ते त्या मोहिमेमुळे, की लोकवर्गणीतून हे होऊ शकतं. जानेवारी २०२५ ला रॉयल्टी वाढीची बातमी आली तेव्हा माझ्या डब्यात आणि बँकेत मिळून एकोणीस लाख होते, २०२६ च्या वसंतात जायचं ठरलेलं. एका बातमीत साडेतीन लाख वाढले, म्हणजे माझा जवळजवळ वर्षाचा पगार.

आणि तरीही मी म्हणते की फी वाढवा. २०१५ ला ११,००० केली होती, दहा वर्षं हात लावला नव्हता, वाढणारच होती. फक्त दहा वर्षांची वाढ एका दमात टाकलीत तर त्याखाली जो चिरडतो तो वर्गणी काढून येणारा माणूस असतो. पार्कच्या एंट्रीला तुम्ही सार्क देशांना १,५०० नेपाळी रुपये घेता आणि बाकी परदेशींना ३,०००, म्हणजे शेजाऱ्यांसाठी वेगळा दर ही कल्पना तुम्हाला नवीन नाही. डोंगराच्या रॉयल्टीत मात्र भारत, बांगलादेश, भूतान सगळे अमेरिका-युरोपच्या रांगेत.

चांगलं जे केलंत तेही सांगते, नाहीतर पत्र एकांगी होईल. आठ हजारीवर दोन गिर्यारोहकांमागे एक गाइड सक्तीचा केलात, चांगलं केलंत. विष्ठा पिशवीत भरून खाली आणायचा नियम झाला, फारच चांगलं, दुसऱ्या कॅम्पचा वास ज्यांना माहितीये ते हसणार नाहीत. कर्णाली आणि सुदूरपश्चिम प्रांतातली ९७ शिखरं दोन वर्षांसाठी रॉयल्टी माफ करून उघडलीत, त्यात अपी आहे, ७,१३२ मीटर. ही बातमी आमच्याकडे कोणी छापलीच नाही, एव्हरेस्टची फीवाढ मात्र सगळ्यांनी छापली. आमच्या क्लबमधे आता अपीचे नकाशे फिरतायत.

कचऱ्याचं मात्र परत बघा. २०१४ ला प्रत्येकाने ८ किलो कचरा खाली आणायचा आणि डिपॉझिट परत घ्यायचं असा नियम केलात. लोक खालच्या कॅम्पचा, सोपा कचरा उचलून वजन भरायचे आणि डिपॉझिट घेऊन जायचे. साउथ कोलवरचे, म्हणजे समिटच्या आधीच्या शेवटच्या कॅम्पवरचे, फाटके तंबू तिथेच राहतात, कारण तिथून एक तंबू खाली आणणं म्हणजे परत एका शेर्पाचीच पाठ.

माझ्या मागण्या सांगते.

रॉयल्टीतला ३० टक्के हिस्सा डोंगरावर काम करणाऱ्यांच्या मदतनिधीत कायद्याने टाका. २०१४ ला शेर्पांनीच मागितला होता, माझं स्वतःचं असं त्यात काही नाही. त्या निधीचा जमाखर्च दर सीझनला नेपाळी आणि इंग्रजीत जाहीर करा.

विम्याची रक्कम रॉयल्टीशी बांधा. रॉयल्टी वाढली की विमा आपोआप वाढला पाहिजे, आणि कुठल्याही परिस्थितीत विमा एका परमिटच्या चौपटीपेक्षा कमी नको. चौपट का, कारण दाजूंच्या मुलीची पाचवीपासून पदवीपर्यंतची शाळा-कॉलेजची फी आणि घरभाडं मी मांडून बघितलं, त्याच्या खाली ते बसत नाही.

बोटं, पाय, डोळे गेले तर किती मिळणार याचा तक्ता सरकारने ठरवावा, कंपनीने नाही. आणि क्लेम ९० दिवसांत मिटला नाही तर त्या एजन्सीला पुढच्या सीझनचं परमिट देऊ नका. हे एक केलंत तरी पुष्कळ होईल, कारण एजन्सीवाल्यांना दुसरं काही लागत नाही, परमिट अडलं की सगळे कागद एका दिवसात हलतात.

सात हजारीच्या अटीतून "नेपाळमधलंच" हे काढा. कुठल्याही देशातलं सात हजारी, त्या देशाच्या अधिकृत संस्थेच्या सर्टिफिकेटसह, चालवून घ्या.

परमिटचा वरचा आकडा सीझनच्या आधी जाहीर करा.

लिएझन ऑफिसर बेस कॅम्पला नसेल तर त्याचा खर्च टीमला परत मिळावा, आणि समिटचं सर्टिफिकेट शेर्पाच्या स्वतंत्र लेखी जबाबाशिवाय निघू नये.

सार्क देशांसाठी वेगळा दर शक्य नसेल तर निदान पुढची वाढ दोन वर्षं आधी सांगा आणि टप्प्याटप्प्याने करा.

आणि आता माझ्या लोकांना, म्हणजे आमच्या क्लबांना, मोहिमेचे लीडर असतील त्यांना, घरून पैसे घेऊन पहिल्यांदा निघालेल्या पोरापोरींना. एजन्सीला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी एक कागद मागा, तुमच्याबरोबर येणाऱ्या शेर्पाच्या विम्याची कॉपी, नावासकट. मृत्यूचं कलम सोडून अपंगत्वाचं कलम वाचा. कोटेशन कमी करून घ्यायला घासाघीस करता ना, मीही करते, पण त्या घासाघिशीतले पैसे कुणाच्या वाट्यातून जातायत ते विचारा. सत्कारात शाल मिळाली की त्या माणसाचं नाव माइकवर घ्या. आमच्या क्लबने आता ठरवलंय की शेर्पाचा वरचा वेगळा विमा आपण आपल्या खर्चाने काढायचा, बजेटमधे तशी ओळच टाकलीये.

२०२६ च्या वसंतात मी येत नाही. पैसे कमी पडले हे एक कारण आहे, पण जमवलेल्या पैशातून दाजूंच्या हाताच्या पुढच्या ऑपरेशनला काही दिलेत, क्लबला विचारूनच दिलेत, ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांना एकेकाला फोन केला, कोणी नाही म्हटलं नाही. रिक्षावाल्याने विचारलं, ताई मग आता परत सुरुवातीपासून का? हो म्हटलं, परत सुरुवातीपासून.

उत्तराची वाट बघते. नेपाळीत पाठवलंत तरी चालेल, मला वाचता येतं, आणि जिथे अडेल तिथे दाजूंना फोन करून विचारेन.

आपली,
नाशिकची एक गिर्यारोहक